मेलाय की झोपलाय

शाळेत त्यांना डोंगरसर म्हणतात. नाव अंगावरून पडलेलं नाही. अंगाने ते काडीपैलवान आहेत, उंची बेताची, आणि शर्टाचा खिसा खडूच्या भुकटीने कायम पांढरा. ते भूगोल शिकवतात. धड्यात समुद्र असो, वारे असोत की लोकसंख्या, तास संपेपर्यंत सर कुठल्या तरी डोंगरावर पोहोचलेले असतात, असा मुलांचा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

जे समोर येईल त्याच्यावर त्यांना समोच्च रेषा दिसतात. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी ही रेष. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, लांब लांब पसरल्या की उतार निवांत. दुपारच्या तासाला एखादं पोर बाकावर डोकं टेकून पेंगायला लागलं, तर सर त्याला उठवत नाहीत. खांदा कुठे चढतो, मान कुठे उतरते, ते बघत फळ्यापाशी उभे राहतात. घरी वाळून आलेले कपडे पलंगावर पडलेले असले की तिथेही हेच. त्यांची बायको औषधाच्या दुकानात काम करते, दिवसभर बाटल्यांवरच्या तारखा वाचते, तिला असलं धुकं चालत नाही. "घड्या घालायच्यात," ती म्हणते. "चढायचं नाहीये."

शहरापासून बसने सव्वादोन तासांवर एक मृत ज्वालामुखी आहे. पुस्तकात त्याचा उल्लेख दीड ओळीचा. वर जायला पायवाट आहे, चढ चाळीस मिनिटांचा, आणि माथ्यावर वाडग्यासारखं तोंड. खायची-प्यायची सोय नसल्यामुळे सहसा कुणी जात नाही. डोंगरसर मात्र तिथे रोज जातात, वर्गात उभ्या उभ्या. सातवीला हा धडा आला की ते खिडक्यांचे पडदे ओढून घेतात आणि सांगायला लागतात: पायाखाली तांबडे दगड, इतके हलके की हातात घेतला तर हाताला कळत नाही. दगडांना भोकं, कारण कधीकाळी ते उकळत होते. वर पोहोचलं की वारा एकदम थांबतो. मग तुम्ही काठावर उभे राहता, आत बघता, आणि तळाशी निळं तळं असतं. इतकं निश्चल, की ढग वरून जात नाहीत, तळ्यातून जातात.

मुलं श्वास रोखून ऐकतात. शाळा सोडून वीस-वीस वर्षं झालेली माणसं रस्त्यात भेटली की विचारतात, "सर, तळं आहे ना अजून?"

सर म्हणतात, "असणारच."

ते तिथे कधीही गेलेले नव्हते.

ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. खोटं बोलायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, धडा रंगात आला असताना, पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही गेला होता तेव्हा थंडी होती?" सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि घंटा वाजली. पुढच्या तासाला तिने पुन्हा विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर दर वर्षी ते नाही म्हणायला उशीर होत गेला. तळं कुठून आलं, तर एका जुन्या नकाशावर त्या तोंडात मसुराएवढा निळा ठिपका होता. बाकीचं पाणी सरांनी भरलं.

सहल तीनदा ठरली आणि तीनदा फिसकटली. एकदा दोन वर्गांत गोवर पसरला. एकदा वाटेतला पूल दुरुस्तीला बंद झाला. एकदा तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ऐन वेळी बिस्किटांचा कारखाना निवडला, मुलं पोती भरल्यासारखी बिस्किटं खाऊन परतली आणि आठवडाभर त्याच सहलीचं कौतुक चाललं. एकट्याने जाऊन यायला सरांना कुणी अडवलं नव्हतं. रविवार आले, सुट्ट्या आल्या. पण इतक्या वर्षांत डोक्यात एक डोंगर उभा राहिला होता, पाण्यासकट. खऱ्या डोंगराने त्याला धक्का लावला असता. मुलांबरोबर जायचं, सगळ्यांनी एकदमच बघायचं, हा विचार त्यांना त्यातल्या त्यात सोसत होता.

या वर्षी ते निवृत्त होणार होते. सातवीच्या शेवटच्या तुकडीत बेचाळीस मुलं. मुख्याध्यापिका, ज्यांना शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी परवानगी दिली, पण अटीवर. "बेचाळीसपैकी निदान तीस पालकांच्या होकाराच्या चिठ्ठ्या शुक्रवारपर्यंत माझ्या टेबलावर हव्यात. नाहीतर मी बस सांगणार नाही. आणि सर, पुढच्या वर्षी बघू असं तुम्हाला आता म्हणताही येत नाही मला."

सरांनी पत्राचा मसुदा हाताने लिहिला. तीन परिच्छेद, खाली नकाशा, मिनिटा-मिनिटाचं वेळापत्रक. कुठे थांबून पाणी प्यायचं, कुठे ओळ एकेरी करायची, मागे कोण राहील. नकाशावर बोट फिरवत ही वाट ते इतक्या वेळा चढले होते, की कुठल्या वळणावर धाप लागते तेही त्यांनी लिहिलं. पहिली ओळ होती: 'आपल्या पाल्याच्या वर्गाची सहल एका मृत ज्वालामुखीस नेण्याचे योजिले आहे.' सोमवारी कार्यालयातल्या ताईंनी पत्र टाइप केलं, प्रती काढल्या, आणि ते बेचाळीस दप्तरांतून घरी गेलं.

बुधवारी सहा होकार आले होते. नकार एकवीस. नकारांच्या खाली पालकांनी मजकूर लिहिला होता, एरवी कुणी लिहीत नाही. 'जागा झाल्यास जबाबदार कोण?' 'झोपलेल्याच्या अंगावर मुलं नाचवायची कशाला?' एका वडिलांनी लिहिलं होतं, 'आमच्या चिरंजीवांना सकाळी उठवायला गेलं तर घर डोक्यावर घेतात. डोंगराची खात्री आम्ही कशी द्यावी?'

सरांनी पत्राची प्रत पहिल्यांदाच नीट वाचली आणि तडक कार्यालयात गेले.

"ताई, इथे निद्रिस्त कुणी केलं?"

"मी केलं," ताई म्हणाल्या.

"मी मृत लिहिलं होतं."

"वाचलं ना मी. पण सर, बेचाळीस घरांत जाणारं पत्र. 'आपल्या पाल्याच्या' लिहिलंय आणि त्याच ओळीत 'मृत'. कसं दिसतं ते?"

"भूगोलात तसंच दिसतं."

"दिवा विझला तरी आपण शांत झाला म्हणतो. दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणतो. हा तर अख्खा डोंगर. मी तुमच्याच पुस्तकात बघितलं, जागृत, निद्रिस्त, मृत असे तीन शब्द आहेत. त्यातला मधला बरा वाटला."

"मधला उठू शकतो, ताई."

ताईंनी पत्राकडे बघितलं. प्रत्येक निरोपपत्रात, रजेच्या अर्जात, दाखल्यात त्या असे काटे काढून टाकत आल्या होत्या आणि आजवर कुणाची तक्रार आली नव्हती. "मग हे वाईट झालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पण मृत लिहिलं असतं तर सहा तरी आले असते का, सांगता येत नाही."

मोठ्या बाईंनी शुक्रवारी दुपारी पालकांची सभा बोलावली आणि मुदत पुढच्या बुधवारवर ढकलली. सभा सातवीच्याच वर्गात झाली. मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसली. सरांनी फळ्यावर रंगीत खडूंनी डोंगराचा उभा छेद काढला आणि अर्धा तास समजावलं: याचा शेवटचा उद्रेक माणसाने शेती शिकण्याच्या कितीतरी आधीचा. खालचा शिलारस गोठला, नळी बुजली. निद्रिस्त हा टंकलेखनातला दोष, मूळ शब्द मृत. ताई दाराशी उभ्या होत्या. 'दोष' या शब्दाला त्यांनी मान खाली घातली.

पालक ऐकत होते. दुपारची उन्हं बाकांवर आली होती, खडूची धूळ त्यात तरंगत होती, आणि दोघंतिघं मुलांसारखेच पेंगायला लागले होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एका आजींनी हात वर केला. वर्गातल्या एका मुलीच्या या आजी, निवृत्त परिचारिका. मुलगा-सून कामावर, म्हणून सभेला त्या आल्या होत्या.

"सर, मेलाय की झोपलाय, एकदा नक्की सांगा."

"मेलाय, आजी."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. नकाशात आहे. शास्त्रज्ञांनी..."

"ते झालं. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. नुसता कागद बघून आम्ही कुणाला मेलेलं म्हटलं नाही. जवळ जावं लागतं, हात लावून बघावं लागतं. कागदावर गेलेली दोन माणसं माझ्या हातात पाणी मागून उठलीत."

वर्गात हसू फुटलं. आजी हसल्या नाहीत.

"तुम्ही हात लावून बघितलाय का?"

सर फळ्यापाशी उभे होते. हातात निळा खडू होता, छेदातलं तळं रंगवायचा. या वेळी घंटा वाजली नाही. घंटेला अजून पंचवीस मिनिटं होती.

"नाही," ते म्हणाले. "मी तिथे कधी गेलेलो नाही."

मागच्या बाकावर एक तिशीतला बाप बसला होता, याच वर्गात शिकून गेलेला. "म्हणजे?" तो म्हणाला. "मग तळं, सर?"

"नकाशात होतं."

"मी माझ्या पोरीला सांगितलंय तळं."

मोठ्या बाईंनी टेबलावरचं फूलपात्र उचललं आणि न पिताच खाली ठेवलं. शेवटी आजीच म्हणाल्या, आवाज मुळीच न चढवता, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा, "मग काय बिघडलं? परवा रविवार आहे. जाऊन या. बघून या. मग न्या पोरांना."

रविवारी बायको बरोबर निघाली. "एकटे गेलात तर तिथेच बसाल," ती म्हणाली. सकाळची बस जवळजवळ रिकामी होती. शहर मागे पडलं, मग वखारी, मग नर्सरीतली रोपं, आणि मग बराच वेळ नुसती सपाट जमीन, जिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं आणि जिच्याकडे सर एकटक बघत होते. डोंगर दिसला तो एकदम. त्यांना वाटला होता त्यापेक्षा बुटका. कुणीतरी ताट उपडं घालून विसरून गेल्यासारखा.

"हाच?" बायकोने विचारलं.

"हाच असावा."

चढ चाळीस मिनिटांचा लिहिला होता, त्यांना सत्तर लागली. धाप पत्रात लिहिलेल्या वळणाच्या दोन वळणं आधीच लागली. दगड तांबडे होते, हे बरोबर निघालं. बायकोने एक उचलला, उलटसुलट करून बघितला. "पावासारखा आहे," ती म्हणाली, "शिळ्या." हलकाही होता, पण हाताला कळत होता. वर पोहोचल्यावर वारा थांबला नाही. उलट तिथेच सुरू झाला, आणि बायकोला डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरावा लागला.

सर काठावर गेले आणि आत बघितलं.

तळं नव्हतं. खोल, गोल, सगळीकडून सारखं उतरत गेलेलं वाडगं होतं, आणि ते काठापर्यंत गवताने भरलेलं होतं. पोटरीएवढं, पिवळट गवत. वारा काठावरून आत पडत होता आणि गवतातून गोल फिरत होता, एका कडेने निघून पुन्हा त्याच कडेला येत होता. त्याच्या मागे गवत वाकत जायचं आणि सावकाश उभं राहायचं. रेषांवर रेषा, एकाच उंचीच्या, तळापासून काठापर्यंत, आणि त्या चालत होत्या. सरांनी आयुष्यभर कागदावर काढलेल्या समोच्च रेषांनी कधी जागा सोडली नव्हती.

किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता येत नाही. बायको म्हणते अर्धा तास, सर म्हणतात तेवढा नसेल. ढग वरून गेले, साध्या ढगांसारखे.

मग सर आत उतरले. अगदी तळाशी जमीन चामड्यासारखी भेगाळली होती. पूर्वी कधी पाणी साचलं असेल, नसेलही. ते उकिडवे बसले, गवत बाजूला केलं आणि उजवा तळहात जमिनीवर ठेवला. आजींनी सांगितलं होतं तसा. जमीन उन्हाने वरवर कोमट होती. बोटं भेगेत घातली तर खाली गार. त्यांनी हात तसाच ठेवला. काठावरून बायकोला ते लहान दिसत होते, ताप बघायला बसल्यासारखे.

"आहे का काही?" तिने वरून विचारलं.

"नाही. गार आहे."

"घड्याळ लावून बघितलंत?"

"पाच मिनिटं झाली."

"मग या वर. बस चुकेल."

ते चढून वर आले, गुडघे झटकले, आणि निघताना वळून, कुणाच्या घरून निघावं तसं सहज म्हणाले, "येतो."

बायको थांबली. "अहो, हात लावून बघितलात ना? मेलाय ना नक्की?"

"हो."

"मग मेलेल्याच्या घरून निघताना येतो म्हणतात का?"

सरांनी विचार केला. ते पहिल्या वळणापर्यंत उतरले. मग म्हणाले, "यायचंय तर काय म्हणायचं मग?"

"आधी चिठ्ठ्या येऊ देत," बायको म्हणाली. तिच्या पर्समध्ये तो शिळ्या पावासारखा दगड होता.

सोमवारी सरांनी नवा मसुदा कार्यालयात दिला. ताईंनी तो यंत्रावर घेतला, पहिल्या ओळीपाशी थांबल्या, आणि एकेक अक्षर करत 'मृत' टाइप केलं. पत्र असं होतं:

'ज्वालामुखी मृत आहे. मी काल जाऊन आलो. तळाशी जमिनीस हात लावून पाच मिनिटे पाहिले. जमीन गार आहे. चढास चाळीस मिनिटे लागतील असे मी कळवले होते, सत्तर लागतात. माथ्यावर वारा फार आहे, डोक्याला रुमाल द्यावा. तळे नाही. आहे असे मी इतकी वर्षे वर्गात सांगत आलो, ते न पाहता सांगितले. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनाही हे कळावे.'

"शेवटची ओळ ठेवायची?" ताईंनी विचारलं.

"ठेवा."

"निदान 'नम्र विनंती' तरी घालते खाली."

"घाला," सर म्हणाले.

मंगळवारी सतरा चिठ्ठ्या आल्या. बुधवारी दुपारपर्यंत एकोणतीस, आणि ताई दर तासाला वर्गाच्या दारात येऊन बोटांनी आकडा दाखवून जात होत्या. मागच्या बाकावरच्या त्या बापाने होकार दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तळ्याचं पोरीला तुम्हीच सांगा.' बिस्किटांच्या सहलीला लहानपणी गेलेले आणखी एक वडील मात्र अडून होते. त्यांना कारखानाच हवा होता. साडेतीनला आजी स्वतः चिठ्ठी घेऊन आल्या. नातीच्या दप्तरावर त्यांचा भरवसा नव्हता. चिठ्ठीवर पाल्याच्या नावापुढे त्यांनी स्वतःचंही नाव जोडलं होतं.

"आजी, ही मुलांची सहल आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुलांबरोबर एक परिचारिका नको? खरचटलं, चक्कर आली, तर भूगोल लावणार का?" आजी म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "नाडी लागली नाही ना?"

"नाही लागली."

"एका हाताने बघितलंत?"

"एका."

"मी दोन्हींनी बघेन," आजी म्हणाल्या, आणि खुर्चीवर टेकल्या.

मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या मोजल्या, फोन उचलला आणि पुढच्या गुरुवारची बस सांगितली.

शेवटचा तास सातवीवर भूगोलाचाच होता. सर वर्गात गेले तेव्हा खिडक्यांचे पडदे मुलांनी आधीच ओढून ठेवले होते. अर्धवट उजेडात बेचाळीस चेहरे वर झालेले. सरांनी खिशातून खडू काढला, सवयीने निळा, आणि तो परत ठेवला.

"सर," मागच्या बाकावरच्या त्या बापाच्या पोरीने विचारलं, "तळं नाहीये ना खरं?"

"नाही."

"मग तिथे काय आहे?"

सरांनी सांगायला तोंड उघडलं. एकतीस वर्षं या जागी त्यांना शब्द शोधावे लागले नव्हते. आता ते फळ्यापाशी उभे राहिले, आणि एक हात हवेत सावकाश गोल फिरला, एकदा, दोनदा, काठावरून आत. मुलांची डोकी त्या हाताबरोबर फिरली.

"काय, सर?"

"गुरुवारी बघा," सर म्हणाले. त्यांनी जाऊन पडदे उघडले आणि पुढचा धडा काढायला सांगितला. तो लोकसंख्येचा होता. तास संपेपर्यंत सर लोकसंख्येवरच राहिले.